एक सूत बाजूला

महिपती सुतार 'न्हाय' म्हणाला, तेव्हा क्रेनचा हूक त्याच्या डोक्यावर दोन हातांवर येऊन थांबला होता. गुरुवार, सकाळचे आठ. कतारमधल्या समैस्माच्या बाहेरचं एका मोठ्या शेतघराचं आवार. ठोकळ्यांवर ओकच्या लाकडाची एक चौकट आडवी पडलेली: दोन खांब, त्यांना जोडणारी तुळई आणि कोपऱ्यांत दोन तिरके धिरे, म्हणजे टेकू. ती उचलायची आणि उभी करायची, एवढंच त्या दिवसाचं काम. दुपारी चारला मालक पाहुण्यांना घेऊन बघायला येणार होते. आणि महिपती त्या तुळईवर जाऊन बसला, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "न्हाय. ही उचलायची न्हाय."

कुणाला वाटेल, त्यात काय एवढं. पण मी त्याला सात महिने ओळखत होते आणि तो शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. महिपतीचा शब्द एकच, 'व्हय'. पाणी हवं का, व्हय. काम झालं का, व्हय. चक्कर येतेय का, तरी व्हय, आणि लगेच रंधा पुन्हा हातात. गावाहून त्याची बायको शालू फोनवर पाच-पाच मिनिटांचे आवाजी निरोप पाठवायची. तो सगळं कान देऊन ऐकायचा आणि उलट एक सेकंदाचा आवाज पाठवायचा. त्यात काय असायचं ते सांगायला नको.

आजऱ्याजवळच्या एका वाडीतला हा माणूस. वय बावन्न, अंगानं सडपातळ, उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. तेरा वर्षं कतारमध्ये, मुऐदरच्या एका जुन्या व्हिलात सहा जणांच्या खोलीत. इतक्या वर्षांत त्यानं काँक्रीटच्या फळ्या ठोकल्या, दारं बसवली, हॉटेलांची कपाटं केली, आणि एक धडा पक्का केला: इंजिनिअरच्या तोंडी लागायचं नाही. आपण खरे असलो तरी विमानात आपल्यालाच बसवतात.

त्यातली इंजिनिअर म्हणजे मी. रुचा, नाशिकची, एम.टेक., दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेली. द पर्ल भागातल्या थंडगार ऑफिसात बसायचं आणि आठवड्यातून तीनदा साइटवर यायचं. लाकडाबद्दल तेव्हा मला एवढंच माहीत होतं की ते जळतं. पण लेझर स्कॅनर चालवता येत होता, आणि ज्याला यंत्र चालवता येतं त्याला आपल्याला सगळं कळतं असं वाटायला वेळ लागत नाही. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच, आणि इथे तर उंटांची कमी नाही.

घराची गोष्टही सांगायला हवी. आमचे मालक, साइटवर सगळे त्यांना अरबाब म्हणायचे, तरुणपणी इंग्लंडात शेतीचं शिक्षण घ्यायला गेले होते. तिथल्या एका खेड्यात चारशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या घरात माडीवरची खोली भाड्याने घेऊन तीन वर्षं राहिले. पुढे रस्त्यासाठी ते घर उतरवलं गेलं आणि त्याचं लाकूड कुणाच्या तरी गोठ्यात वर्षानुवर्षं पडून राहिलं. अरबाबांना ते कळलं तेव्हा त्यांनी अख्खा सांगाडा विकत घेऊन दोन कंटेनरमधून इकडे आणला. त्यांना तो आपल्या शेतावर पुन्हा उभा करायचा होता, बैठकीसाठी. घराला लोखंडाचा एक खिळा नव्हता. खांब, तुळया, धिरे, सगळं एकमेकांत अडकवलेलं: एका लाकडाच्या टोकाला जीभ कोरलेली, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच, आणि दोन्हींतून आरपार भोक पाडून त्यात लाकडी खुंटी. प्रत्येक जोडावर पटाशीनं ओढलेल्या उभ्या-तिरप्या रेघा होत्या. दोन रेघांची जीभ दोन रेघांच्याच खाचेत बसायची.

या कामासाठी एक म्हातारा इंग्रज सुतार आला होता. दहा दिवस राहिला, लाकूड मोजून लावून घेतलं, नकाशे दिले, आणि छातीत दुखायला लागलं म्हणून परत गेला. तिकडे त्याचं ऑपरेशन झालं. फोन केला की त्याची बायको उचलायची आणि सौम्य आवाजात सांगायची की डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. मग उरलो आम्ही: साइट इंजिनिअर अरुणकुमार, मी, महिपती आणि आठ मजूर.

पहिली चूक महिपतीनं केली, आणि ती दुसऱ्या कुणाला सुचलीही नसती. त्या घराचे खांब एका टोकाला जाड आहेत. नकाशात जाड टोक वर होतं. महिपतीनं खांबावरून हात फिरवला, रेषा बघितल्या आणि त्याच्या लक्षात आलं की जाड टोक म्हणजे झाडाचा बुंधा. म्हणजे झाड उलटं उभं करायचं. त्याच्या बापानं, आज्यानं, कुणीही असला खांब कधी उभा केला नव्हता. झाड जसं रानात उभं होतं तसंच घरात उभं राहायला हवं, बुंधा खाली, शेंडा वर. उलटा खांब घराला लागतो. नकाशा काढणाऱ्याची गफलत झाली असणार असं त्यानं धरलं, कुणाला काही न बोलता दोन खांब 'सुलटे' फिरवले आणि त्यांचे पाय खालच्या पट्टीत बसतील असे कापायला घेतले.

अरुणकुमारनं बघितलं म्हणून वाचलो. पाव इंच आत गेलेली करवतीची चीर अजून त्या खांबावर दिसते. जाड टोक वर असतं ते जाणूनबुजून: तिथे तुळई, भिंतीवरची पट्टी आणि खांब असे तिघे एकत्र येतात, त्यांच्या खाचा कोरायला लाकूड जास्त लागतं. मी हे महिपतीला समजावून सांगितलं तेव्हा तो बराच वेळ वरच्या टोकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शानी व्हती मानसं." त्या दिवशी संध्याकाळी त्याला पहिलं वॉर्निंग लेटर मिळालं. आमच्या कंपनीत दुसऱ्या लेटरला व्हिसा कॅन्सल होतो.

अरुणकुमार वाईट माणूस नव्हता. सोलापूरचा, डोक्यावर तारखांचं ओझं, मुलीच्या बोर्डाच्या परीक्षेपायी बायको तिकडे. पण त्या दिवसापासून त्यानं महिपतीच्या नावावर एक शिक्का मारला: अंधश्रद्धाळू. आणि महिपतीनं स्वतःच्या नावावर त्याहून वाईट शिक्का मारला, की या घरातलं आपल्याला काही कळत नाही. दुधानं तोंड पोळलं होतं, आता तो ताकही फुंकून पिणार होता.

तेवढ्यात माझा रिपोर्ट आला.

मी सगळे जोड स्कॅन केले होते. एकशे चौदा खुंट्यांची भोकं. आणि त्यांतलं एकही सरळ नव्हतं. जीभ खाचेत घातली की जिभेतलं भोक खाचेच्या भोकापासून तीन ते पाच मिलिमीटर बाजूला. स्क्रीनवर सगळं लालच लाल. मला काय आनंद झाला होता. यंत्रानं एवढी मोठी चूक पकडली, माझ्या यंत्रानं. मी लिहिलं: लाकूड सुकून आकसल्यामुळे भोकं सरकली आहेत, उभारणीआधी सर्व भोकं ड्रिलने सरळ करून घ्यावीत. खाली सही. आणि सोबत आलेल्या जुन्या खुंट्यांच्या पोत्याबद्दल आणखी एक ओळ: विकृत झालेल्या, टाकून द्याव्यात.

अरुणकुमारनं तो कागद महिपतीच्या हातात दिला. महिपती तो घेऊन माझ्याकडे आला. तो स्वतःहून माझ्याशी बोलायला आला अशी ती पहिलीच वेळ. "म्याडम, ही भोकं समदी एकाच अंगाला सरकल्यात."

"म्हणजे?"

"जिभंतलं भोक परत्येक जाग्याला आत हाय. एक सूत, दीड सूत. भायेर एक बी न्हाय."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांचं जुनं माप. मी लॅपटॉपवरून मानही वर केली नाही. "लाकूड आकसतं ना काका. आकसलं की आतच जाणार."

तो थोडा थांबला. एकशे चौदा जागी लाकूड एकाच दिशेला, एका बेतानं आकसेल का, हे त्याच्या मनात आलं असणार. माझ्या मनात आलं नाही, कारण मी विचारच करत नव्हते. मग तो म्हणाला, "व्हय."

पुढच्या तीन दिवसांत त्यानं पहिल्या चौकटीची बावीस भोकं सरळ केली. इतकी स्वच्छ की मी फोटो काढून ऑफिसात पाठवले.

बुधवारी दुपारी त्याला कचऱ्याचं पिंप रिकामं करायला सांगितलं. त्यात माझ्या रिपोर्टनं बाद केलेल्या जुन्या खुंट्या होत्या. महिपती पिंपापाशी उकिडवा बसला आणि एकेक खुंटी काढून वाळूत मांडत गेला. सगळ्या वाकलेल्या. आणि सगळ्या एकाच ठिकाणी वाकलेल्या, मधोमध, जिथे जीभ असते तिथे. चारशे वर्षं एका सरकलेल्या भोकातून घातलेली खुंटी अशीच वाकणार. ती आत ठोकताना जिभेला खेचून घेते, खाचेत घट्ट आवळते, आणि मग आयुष्यभर तशीच ताणून धरते. भोक सरळ असलं तर खुंटी नुसती बसून राहते, कशाला धरत नाही. भोकं आकसून सरकली नव्हती. कुणीतरी चारशे वर्षांपूर्वी ती तशी पाडली होती, प्रत्येक जोडाला बेतानं, एक सूत बाजूला. इंग्रज सुतारानं नकाशात लिहिलं नव्हतं, कारण त्याच्या लेखी ती लिहायची गोष्टच नव्हती. भात करताना तांदूळ धुवायचे असं कोण लिहितं?

त्यानं हे अरुणकुमारला सांगितलं. अरुणकुमार म्हणाला, "मेस्त्री, त्या दिवशी खांब उलटे होते, आज भोकं वाकडी. दुसरं लेटर हवंय का?" आणि महिपती सवयीनं म्हणाला, "व्हय." ही गोष्ट साइटवर हसत हसत सांगितली गेली. मीही हसले होते.

गुरुवारी सकाळी त्याच्या खिशात चार वाकड्या खुंट्या होत्या, आणि तो तुळईवर बसला होता.

"उठ," अरुणकुमार म्हणाला.

"न्हाय."

क्रेनवर नसरुद्दीन होता, मोतिहारीकडचा, गप्पिष्ट माणूस. त्यानं एकदा महिपतीकडे बघितलं, एकदा अरुणकुमारकडे, आणि इंजिन बंद केलं. त्याबरोबर त्या आवारातला सगळा आवाज गेला. चौकट उचलताना तिच्या खांबांचे पाय खाचेत बसवायला चार माणसं खाली उभी राहणार होती. ती चौघं आता दोन पावलं मागे सरकली.

"साहेब," महिपती म्हणाला. "मला घालवायचं तर घालवा. पन ही चौकट वर जाताना पिळवटनार. जोड हुगडनार. आन ह्यो धिरा सुटला तर खाली ही पोरं हायत."

"रिपोर्ट कुणाचा आहे?" अरुणकुमार माझ्याकडे वळला. "रुचा, सांग याला. तू सांग."

माझ्या हातात फाइल होती. कॉन्ट्रॅक्ट संपायला अकरा दिवस उरले होते आणि वाढवून देण्याचं पत्र ऑफिसात सहीला पडलं होतं. मी त्या वाकड्या खुंट्यांकडे बघितलं आणि मला कळलं. पूर्ण कळलं, लगेच. तरी मी जे म्हणाले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "टेस्ट करून बघू. अर्धा तास."

बाहेरून ते समजूतदार वाटलं असेल. आतून मी मनोमन म्हणत होते की हा चुकावा.

महिपतीनं एक जोड माझा निवडला, एक त्याचा. माझा म्हणजे पहिल्या चौकटीतला, सरळ केलेल्या भोकाचा. त्यात नवी खुंटी घालून ठेवलेली होती, त्यानंच. त्याचा म्हणजे दुसऱ्या चौकटीतला, अजून हात न लावलेला. त्यासाठी त्यानं एका ओकच्या तुकड्यातून खुंटी तासली, टोकाला निमुळती, बोटानं फिरवून बघत. खुंटी सरकलेल्या भोकाच्या तोंडाशी ठेवली आणि लाकडी हातोड्यानं मारली. पहिल्या दोन घावांत काही झालं नाही. तिसऱ्याला लाकूड कुरकुरलं, आणि दोन लाकडांमधली जी बारीक फट होती ती माझ्या डोळ्यांदेखत मिटत गेली. चौथ्या घावाला फट नव्हतीच.

मग माझ्या जोडाला पट्टा बांधला, चेन ब्लॉक लावला आणि एक मजूर साखळी ओढायला लागला. साखळीचा टकटक आवाज आणि दूर रस्त्यावरून जाणारी एखादी गाडी. पाचव्या ओढीला जीभ बाहेर सरकली. आधी नखाएवढी, मग फाइलचा पुठ्ठा जाईल एवढी. खुंटीतून सुकी काडी मोडल्यासारखा आवाज आला.

"बस," अरुणकुमार म्हणाला. "बस कर."

पट्टा महिपतीच्या जोडाला लावला. पाच ओढी. दहा. साखळी ताणून सरळ झाली, अख्खी चौकट ठोकळ्यांवरून वीतभर पुढे घसरली, पण जोड होता तिथेच होता. ती चार माणसं, जी खाली उभी राहणार होती, त्यांतल्या एकानं पुढे होऊन त्या जोडावर हात ठेवला आणि काढला. मला वाटलं, चला, सुटलो. चूक पकडली गेली, कुणाला लागलं नाही, दुरुस्तीला चार दिवस. आता अरबाबांना गोडीत काहीतरी सांगायचं.

पण अरबाब चारऐवजी साडेनऊलाच आले. पाहुण्यांआधी एकट्यानं बघावं म्हणून आले असतील. साठीचे, बारीक अंगाचे, पांढऱ्याशुभ्र पायघोळ थोबमध्ये. गाडीतून उतरून सरळ पहिल्या चौकटीपाशी गेले. उघडा पडलेला जोड, मोडलेली खुंटी, लोंबता पट्टा. त्यांनी वाकून भोकात बोट घातलं आणि इंग्रजीत विचारलं, "हे नवीन आहे. हे कुणी पाडलं?"

अरुणकुमार म्हणाला, "सर, कार्पेंटरकडून चूक झाली. आम्ही पकडली आहे. त्याच्यावर आधीच एक वॉर्निंग आहे, आज त्याला काढतोय."

चोर सोडून संन्याशाला फाशी. तो हे एवढ्या सहज म्हणाला की क्षणभर मलाही ते खरं वाटलं.

अरबाबांनी महिपतीकडे बघितलं आणि हिंदीत विचारलं, "तूने किया?"

"व्हय," महिपती म्हणाला. मग आठवून, "हां साब."

"किसने बोला? कोई कागज?"

फाइल मी छातीशी धरली होती. महिपतीनं माझ्याकडे बघितलं नाही. "नहीं साब. कागज नहीं. मेरा गलती."

अरबाब दुसऱ्या चौकटीकडे चालत गेले, त्या मिटलेल्या जोडापाशी उभे राहिले. मी महिपतीचा हात धरून त्याला बाजूला ओढला.

"काका, खोटं का बोललात? कागद तुमच्याजवळ आहे. खिशात आहे. काढा ना तो."

त्यानं नाही म्हणून मान हलवली. त्या सकाळचा तो त्याचा आणखी एक नकार, आणि तो माझ्यासाठी होता. "बावीस भोकं माज्या हातानं झाली, म्याडम. मनात शंका असून झाली. म्या तवाच बसाया पायजे हुतं त्या तुळईवर. आता मला घालवतील, ते काय चुकत न्हाय. पन आजून ब्याण्णव हायत. म्या गेलो की दुसरा सुतार येनार. त्येच्या हातात हितला इंजिनेर कागद देनार. त्यो कागद बराबर पायजे का न्हाय? कंचं भोक किती सरकल्यालं ते ठावं असल्यालं दोनच मानसं हायत, तुमी आन मी. दोगं बी गेलो तर ह्या घराला कोन हाय?"

मला वाटलं होतं, तो माझी दया करतोय. मुलीसारखी समजून, वगैरे. असलं काही नव्हतं. तो माझा विचार करतच नव्हता. ब्याण्णव भोकांचा करत होता. त्याच्या हिशेबात मी वाचायला हवी होते ती केवळ कागदावर सही करणारी म्हणून. इतकी लहान मी आयुष्यात कधी झाले नव्हते, आणि खरं सांगायचं तर इतका राग मला स्वतःचा कधी आला नव्हता. त्या रागातच मी अरबाबांकडे गेले. धैर्याचा त्यात काही भाग नव्हता. आणखी एक मिनिट थांबले असते तर गेले नसते.

फाइल उघडली, रिपोर्ट काढला आणि त्यांच्यासमोर त्या जोडावर ठेवला. "सर, कागद आहे. हा माझा. भोकं सरळ करा असं मी लिहिलं. त्यानं मला येऊन विचारलं होतं, मी ऐकलं नाही. खुंट्या टाकून द्या हेही मीच लिहिलंय. आज ही चौकट उचलली गेली असती तर माणसं मेली असती. त्यानं थांबवली."

पाठीमागे अरुणकुमार "रुचा" असं काहीतरी पुटपुटला. अरबाबांनी कागद सावकाश वाचला. सहीपाशी थांबले. मग महिपतीच्या खिशातून डोकावणारी वाकडी खुंटी बघितली आणि हात पुढे केला. महिपतीनं ती दिली. ते ती उलटसुलट करत राहिले.

"माझ्या खोलीत पलंगाच्या उशाशी असला एक जोड होता," ते म्हणाले. "हिवाळ्यात वारा सुटला की सगळं घर बोलायचं. पहिल्या वर्षी मला भीती वाटायची की पडेल. घरमालकीण म्हणायची, बोलतंय तोवर धरून आहे." मग त्यांनी हिंदीत महिपतीला विचारलं, ही बावीस भोकं दुरुस्त होतात का.

"होतं साब." हाताच्या खुणा करत त्यानं सांगितलं: जिभेतलं भोक ओकच्याच गुल्लीनं बुजवायचं, सरसानं पक्कं करायचं, आणि पुन्हा नवीन पाडायचं, बाजूला. गिरमिटानं, हातानं. मशीन नको. "बारा दिन."

"पाहुण्यांना मी सांगतो," अरबाब म्हणाले. "आज काही उचलायचं नाही. आणि हा माणूस कुठे जाणार नाही." माझ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. तो आमच्या कंपनीचा प्रश्न होता, आणि कंपनीनं तो अकरा दिवसांत सोडवला. सहीला पडलेलं पत्र सहीशिवाय परत आलं. मी कुणाला दोष देत नाही. अरुणकुमारनं मला विमानतळावर सोडायची तयारी दाखवली. मी टॅक्सीनं जाईन म्हणाले. तेवढा माज मला परवडत होता.

पण त्याआधी एक काम होतं. उरलेल्या ब्याण्णव भोकांसाठी नवा कागद करायचा होता, जुना रद्द करणारा. मी तो तीन दिवस बसून केला. प्रत्येक जोडाचा क्रमांक, त्याच्यावरच्या रेघा, भोक कुठे आणि किती बाजूला. वर 'तयार करणार' या चौकटीत आतापर्यंत नेहमी माझं नाव असायचं. तिथे मी लिहिलं: महिपती सुतार. माझं नाव खाली बारीक अक्षरांत, 'लेखनसाहाय्य' म्हणून. अरुणकुमारनं भुवया उंचावल्या, पण सही केली.

शेवटच्या दिवशी तो कागद घेऊन मी समैस्माला गेले. पहिल्या चौकटीची एकोणीस भोकं बुजवून झाली होती. महिपती विसावं बुजवत होता. मी तो कागद त्याच्यापुढे धरला आणि त्याच्या नावावर बोट ठेवलं. तेरा वर्षांत कतारमधल्या एखाद्या कागदावर त्याचं नाव आलं असेल तर ते पासपोर्टवर, हजेरीवर आणि त्या वॉर्निंग लेटरवर. मला वाटलं, त्याचे डोळे भरून येतील. माझे आले होते, म्हणून वाटलं असेल.

त्यानं हात पुसले, कागद घेतला, पहिल्या पानावर अंगठा फिरवत खाली आला. काळं नख एका ओळीवर थांबलं.

"बरोबर आहे ना काका?"

"न्हाय," महिपती म्हणाला. "तुळईला एक सूत लिवलंय. एक सूत धिऱ्याला. तुळईला दीड लिवा."